शिकून हितंच राहता येईल का?

पहिल्या पावसाला चार दिवस झालेले असतात आणि कर्जत स्टेशनबाहेर ठाकरवाड्यांतल्या बाया शेवळं घेऊन बसलेल्या दिसतात. जांभळट-तपकिरी कोंबांच्या जुड्या, बाजूला हिरव्या काकडांचे छोटे वाटे. अशाच एका सकाळी एका बाईंच्या शेजारी त्यांची लेक बसली होती. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दहावीचा निकाल. मी जुडी घेतली तशी बाईंनी विचारलं, "ताई, ही शिकली तर हितंच काय काम मिळंल का, का पनवेल-ठाण्यालाच जावं लागंल?"

या प्रकरणात त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे. माती, पाणी, रान टिकवण्याचं शिक्षण चांगलं असतं हे सगळे म्हणतात. त्यावर घर चालतं का, हे फार थोडे सांगतात.

१. बियाणं खायचं नसतं

'शाश्वत विकास' हा शब्द सरकारी कागदावर इतक्यांदा येतो की त्याचा अर्थ पुसट झाला आहे. भातशेती करणाऱ्या घरात मात्र तो अर्थ कणगीत दिसतो. खायचं भात वेगळं, बियाण्याचं वेगळं. श्रावणात घरात कितीही ओढ असली तरी बियाण्याला हात लावायचा नाही, कारण ते खाल्लं तर पुढच्या वर्षी पेरायला काही उरत नाही. शाश्वत म्हणजे एवढंच. विहिरीतलं पाणी, रानातली झाडं, शेतातला गाळ यांतलं खायचं किती आणि बियाणं म्हणून राखायचं किती, हे ओळखून वागणं.

पण घरात दाणाच नसेल तर बियाणं राखायचं कसं? आषाढ-श्रावणात धान्य संपतं आणि कार्तिकात नवं भात येतं. मधल्या काळात उसनं आणावं लागतं. जुना दर दिढीचा. समजा एका घरानं १०० किलो भात उचललं, तर कापणीनंतर १५० किलो परत करायचं. पाच वर्षं असंच चाललं तर २५० किलो जादा भात घरातून गेलं, आणि सहाव्या आषाढात कणगी पुन्हा रिकामीच.

कर्जत तालुक्यात कशेळे इथल्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सनं आदिवासी वाड्यांसाठी धान्य बँका उभ्या केल्या. त्यामागचा हिशोब साधा आहे. समजा वीस घरांनी मिळून कोठार केलं आणि दर सवाईचा ठेवला. प्रत्येकानं १०० किलो नेलं, १२५ परत आणलं. वीस घरांचे जादा ५०० किलो सावकाराकडे न जाता वाडीच्याच कोठारात पडले. पुढच्या पावसाळ्यात आणखी पाच घरांना तेवढंच भात देता येईल. व्याज निम्मं झालं, आणि ते मुक्कामाला कुठं गेलं तेही बदललं.

या भागाला ही कल्पना परकी नाही. माथेरानचे हुतात्मा भाई कोटवाल १९४३ च्या २ जानेवारीला सिद्धगडावर गोळी लागून गेले. स्वातंत्र्यलढ्यात उडी घेण्याआधी ते शेतकऱ्यांसाठी धान्यकोठारं आणि गावोगाव शाळा चालवत होते. दाणा आणि अक्षर ही दोन कामं त्यांनी एकाच वेळी हाती घेतली, आणि मला ते फार अचूक वाटतं. पोटाची सोय नसलेल्या घरातून मूल शाळेत येतं, पण टिकत नाही.

२. उचल

का टिकत नाही, ते समजायला वाडीचं वर्ष पाहावं लागतं.

ज्येष्ठात पेरणी, आषाढात लावणी, कार्तिकाच्या आसपास कापणी-झोडणी. ती संपली की बहुतेक वाड्यांत रोख कमाईचं काम थांबतं. म्हणून गणपती-दसऱ्याच्या सुमारास भट्टीवाल्याकडून उचल घेतली जाते. उचल म्हणजे आगाऊ रक्कम, जी नंतर अंगमेहनतीनं फेडायची. दिवाळी झाली की कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला बाहेर पडतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. कातकरी कुटुंबांत हे सर्वांत जास्त. ज्यांचं नावच खैराच्या झाडापासून कात काढण्याच्या कौशल्यावरून पडलं, त्यांच्याकडे आज ना खैर उरला, ना त्या कौशल्याला गिऱ्हाईक.

आता कुठलंही प्रशिक्षण या वर्षावर ठेवून पाहा. जानेवारीतला तीन महिन्यांचा कोर्स चांगला असेल, फुकट असेल, पण उचल घेतलेलं घर तेव्हा भट्टीवर असतं. जुलैमधला कोर्स लावणीत येतो. म्हणून या प्रकरणातल्या प्रत्येक वाटेला मी एकच प्रश्न विचारणार आहे: कार्तिक ते वैशाख या महिन्यांत ही वाट घराला काय देते?

३. दोन ढेकळं

शेतापासून सुरुवात करू. इथली जुनी पद्धत राबाची. उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या जागेवर शेण, पाला, फांद्या, गवत आणि वर माती पसरून भाजायची. मग पेरणी, चिखलणी, आणि वाकून वाकून लावणी. या पद्धतीनं पिढ्या जगल्या, तेव्हा तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण राबासाठी झाडांच्या फांद्या दरवर्षी तोडाव्या लागतात आणि चिखलणीनं मातीची घडण मोडते.

घडण मोडते म्हणजे काय, ते घरी करून पाहता येतं. एक ढेकूळ चिखलणी केलेल्या खाचरातलं घ्या, दुसरं बांधावरचं, ज्यात गवताची मुळं आहेत. दोन्ही सावलीत वाळवा आणि पाण्यानं भरलेल्या दोन काचेच्या ग्लासांत अलगद सोडा. पहिलं ढेकूळ बघता बघता विरघळतं, पाणी गढूळ होतं. दुसरं बराच वेळ शाबूत राहतं, त्यातून हवेचे बुडबुडे येत राहतात. मुळांनी आणि मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म जिवांनी मातीचे कण एकमेकांना धरून ठेवलेले असतात. जोराच्या पावसात पहिली माती वाहते, दुसरी थांबते.

नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी याच गोष्टीवर भाताची एक पद्धत बसवली. त्यांनी अमेरिकेत कॅलिफोर्नियात शिक्षण घेतलं आणि परतून घरच्या शेतावर काम केलं. १९८० च्या दशकात तिथं कृषी पर्यटनही सुरू केलं. सगुणा राईस तंत्र, लोकांच्या तोंडी एसआरटी, असं या पद्धतीचं नाव. एकदाच गादीवाफे करायचे, मीटरभर रुंदीचे. लोखंडी साच्यानं २५ सेंटिमीटर अंतरावर खड्डे पाडायचे आणि प्रत्येकात तीन-चार दाणे टोकायचे. राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणी झाली की मुळं जमिनीतच ठेवायची. ती कुजली की मातीत हवा-पाण्याच्या नळ्या तयार होतात. त्याच वाफ्यावर नांगर न घालता वाल किंवा हरभरा घेता येतो.

याचा हवामानाशीही संबंध आहे. गोबरगॅसच्या टाकीत शेण हवा न लागता कुजतं, म्हणून जळणारा वायू मिळतो. तो मुख्यतः मिथेन. पाणी तुंबलेल्या खाचरातही तळाच्या चिखलाला हवा लागत नाही, आणि छोट्या प्रमाणात तेच घडतं. फरक इतकाच की हा मिथेन चुलीला न लागता आकाशात जातो आणि पृथ्वीची उष्णता धरून ठेवतो. वाफ्यावरच्या भातात पाणी तुंबत नाही, म्हणून हा वायू कमी होतो.

एक गोष्ट लपवू नये. या पद्धतीत तण आणि खुंट मारायला तणनाशक वापरतात, आणि त्यावर सेंद्रिय शेतीवाल्यांचा आक्षेप आहे. तो आक्षेप मला रास्त वाटतो. शिकणाऱ्या मुलांपुढे पद्धत मांडताना हा वादही मांडायला हवा. अर्धी बाजू सांगून शेतकरी घडत नाही.

आता आपला प्रश्न: कार्तिक ते वैशाख काय? वाल. कापणी झाल्या झाल्या ओलीवर टोकलेला वाल थंडीत शेंगांवर येतो, आणि रायगडात पोपटीच्या, म्हणजे मडक्यात शेंगा भाजून खायच्या, दिवसांत त्याला मागणी कशी असते ते सांगायला नको. वाफे पाडून देणारी, टोकणीच्या साच्यासकट येणारी चार-पाच जणांची टोळी हा गावातल्या गावात करण्याजोगा धंदा आहे. शिवाय कर्जतलाच कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे. तिथं १९१९ पासून भातावर काम चालू आहे. कर्जत-३, कर्जत-१८४ ही वाणं आणि सह्याद्री हे संकरित भात तिथलंच. बियाण्याचा प्लॉट राखणं, भेसळ काढणं हे कसबाचं काम. साध्या भातापेक्षा बियाण्याच्या भाताला दर चढा मिळतो. ज्या गावाच्या नावाचं भात दूरदूर पेरलं जातं, त्या गावातल्या मुलीला ते केंद्र आतून पाहायला मिळू नये, हे मला खुपतं.

४. तीन हजार लिटर

जुलैत कर्जतला धो धो पाऊस आणि एप्रिलमध्ये डोक्यावर हंडा, हे कोडं बाहेरच्या माणसाला सुटत नाही. एक छोटा हिशोब करू.

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला की एक लिटर पाणी होतं. वाडीतलं घर समजा ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद. छप्पर ३० चौरस मीटर. या भागात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. तेव्हा छपरावर ९०,००० लिटर पाणी पडतं. आता गरज पाहा. पाच माणसं, पिण्या-स्वयंपाकाला माणशी ५ लिटर, म्हणजे दिवसाला २५. फेब्रुवारी ते मे, १२० दिवस: ३,००० लिटर. मुसळधार पावसाच्या एका दिवसात १०० मिलिमीटर पडला तर तेवढं पाणी एकट्या त्या दिवशीच छपरावरून वाहून जातं.

म्हणजे कमतरता आहे ती टाकीची. इथला डोंगर काळ्या कातळाचा, उतार तीव्र; पाणी मुरायला वेळच मिळत नाही, ते उल्हास आणि पाताळगंगेत उतरून मोकळं होतं. दीड मीटर व्यासाची, पावणेदोन मीटर उंचीची टाकी तीन हजार लिटर धरते. फेरोसिमेंटची, म्हणजे जाळीवर पातळ सिमेंट थापून केलेली टाकी हात बसलेला गवंडी बांधू शकतो. तिचं काम उघडिपीत, कार्तिक ते वैशाखातच निघतं. त्याच काळाच्या सुरुवातीला, ओढ्याचं पाणी वाहतं आहे तोवर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारे घालायचे. पाणीपरीक्षेचे नमुने घेणारा जलसुरक्षक प्रत्येक ग्रामपंचायतीला लागतो. सौर पंपांची संख्या वाढते आहे, पण बिघडला की माणूस तालुक्याहून यायची वाट पाहावी लागते. ही सगळी कामं मुलींनाही जमणारी आहेत, हे मुद्दाम लिहिते आहे.

पाण्याचा एक धडा तर कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या डोळ्यांसमोर वाहतो आहे. घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी टाटांनी पाइपातून खाली सोडलं आणि १९१५ मध्ये खोपोलीला, १९२२ मध्ये भिवपुरीला वीज तयार झाली. पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून पडणारं ते पाणी चाकं फिरवून झालं की संपत नाही. भिवपुरीचं पाणी पेज नदीत येतं आणि राजनाला कालव्यानं काही गावांना उन्हाळी भात देतं. एकाच पाण्यानं दोन कामं. त्या गावांतून आणि कालवा न पोचलेल्या वाडीतून मुलांना एकाच दिवशी हिंडवून आणा. पाणीवाटप म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

आणि एक शिकणं पगारासाठी नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. डोंगराला नवी भेग पडणं, झाडं किंवा खांब कलणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा नव्या जागी फुटणं, या खुणा वाडीतल्या प्रत्येकाला यायला हव्यात. एक साधा पर्जन्यमापक, रोज सकाळी आकडा लिहिणारं एक मूल, आणि किती पावसाला घर सोडायचं याचा आधीच ठरलेला निर्णय. ही शाळा प्रत्येक डोंगराखालच्या वाडीत असायलाच हवी.

५. काकडाची गोष्ट

पुन्हा शेवळाकडे. शेवळाच्या कोंबात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. नीट न शिजवता, नुसतंच खाल्लं तर घसा खाजतो, सुजतो. म्हणून बाया त्यासोबत काकडं विकतात. त्या आंबट फळांचा रस भाजीत घातला की खाज मरते. शेवळं आणि काकडं एकाच सुमाराला मिळतात, हे ज्या कुणा आजीनं पहिल्यांदा जुळवलं तिला आपण संशोधक म्हणत नाही. म्हणायला हवं.

हे ज्ञान लिहून ठेवायची कायद्यानं सोय आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावपातळीवर समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही करायची असते: कुठली वनस्पती, कुठल्या रानात, कधी, कशासाठी, कोण जाणतं. ही वही बाहेरच्या माणसानं दोन दिवसांत भरली तर ती यादी होते. आजीनं सांगितलेलं नातीनं लिहिलं तर ती शिकवणी होते. २००६ च्या वनहक्क कायद्यानं रानावरचा सामूहिक हक्क मिळाला तर राखण आणि वापर दोन्ही गावाच्या हाती येतात. कुठला कंद किती खणायचा, किती सोडायचा हे तेव्हाच ठरवता येतं. बियाणं खायचं नसतं, तो नियम इथंही.

यातून कमाई कुठली? रानभाजी पावसाळ्यापुरती. पण खांडसहून भीमाशंकरला चढणारे, पेठच्या किल्ल्यावर, ढाकला जाणारे लोक थंडीतही येतात. वाट दाखवणं ही मजुरी झाली. रान वाचून दाखवणं, प्रथमोपचार येणं, दहा जणांच्या मागे उरलेला कचरा परत आणवणं ही विद्या झाली, आणि दोन्हींचे दर वेगळे असतात. शिवाय कर्जत-खालापुरात बंगले आणि फार्महाऊस जागोजाग उठली आहेत. जमीन विकून त्याच जमिनीवर राखणदार झालेला माणूस मी पाहिला आहे. त्याच्याकडे पाहताना गळा दाटतो. पण त्या बागांना इथल्या मातीची झाडं, कंपोस्ट, ठिबक कळणारा माळी हवा आहे. त्याला राखणदाराचा पगार देऊन चालणार नाही, हे सांगण्याची ताकद त्याला कौशल्यानं येईल.

६. शाळा कुणाच्या वेळेला?

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मागणी केली होती की प्राथमिक शाळेत शेतीचं प्राथमिक ज्ञान असावं. काय शिकवावं हे तेव्हाच सांगून झालं होतं. कधी आणि कुठं शिकवावं, याची उत्तरं पुढे वेगवेगळ्या माणसांनी दिली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीत आणि मग कोसबाडला काम करत होत्या. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली, तीच कुरणशाळा. विधायक संसद या संस्थेनं वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, कारण मुलं तिथं होती. आपल्या शेजारच्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा निघाली. साठीपुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, घरचं काम उरकल्यावर, दुपारच्या वेळी पाटी घेऊन बसल्या.

तिन्ही ठिकाणी घराच्या घड्याळाप्रमाणे शाळा हलली. शाळेच्या घड्याळाप्रमाणे घर हलावं, असा हट्ट कुणी धरला नाही.

७. आता त्या मुलीचं

तिच्यापुढे कुठल्या पायऱ्या आहेत? दहावीनंतर दोन वर्षांची, मराठीतून शिकवली जाणारी कृषी पदविका आहे. कर्जतच्या आयटीआयत वीजकामासारखा व्यवसाय शिकून सौर पंप-पॅनेलच्या कामाकडे वळता येतं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथं वर्षभर राहून शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, घर-आरोग्य आणि वर्कशॉप अशी चारही अंगं हातानं करत शिकता येतात. पुस्तकात डोकं न चालणाऱ्या मुलांचा हात तिथं चालू लागतो. शिक्षण मधेच सुटलेल्यांना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. आईसाठीही वाटा आहेत: उमेद अभियानात कृषी सखी, पशू सखी, आणि आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे.

पायऱ्या आहेत, पण दोन पायऱ्यांमधलं अंतर मोठं आहे. प्रमाणपत्र मिळतं, साचा घ्यायला पैसे नसतात. टाकी बांधता येते, पहिलं काम कुणी देत नाही. आणि पहिली कमाई यायच्या आत दसरा येतो, उचलवाला दारात येतो. म्हणून धान्य बँकेचा हिशोब इथं पुन्हा कामाला येईल. बचत गटानं अवजारांचं कोठार करावं: साचा, जाळी कापायची कात्री, मल्टिमीटर. सवाईनं न्यावं, कमाई झाली की परत भरावं. आणि गावातली पहिली पाच टाक्यांची कामं ग्रामपंचायतीनं गावातल्याच हाताला द्यावीत.

स्टेशनबाहेर त्या सकाळी एवढं बोलायला वेळ नव्हता. मी मुलीला म्हटलं, कृषी संशोधन केंद्रात जा, आयटीआयत जा, दोन्हीकडे चौकशी कर. आणि तोवर आईला जे येतं ते वहीत लिही. तिनं पिशवीतून वही काढलीसुद्धा. निकालाचा कागद खाली ठेवून वर 'शेवळं' असं लिहिलं आणि आईला विचारलं, "काकडाची झाडं आपल्या कुठल्या कुठल्या रानात हायेत गं?" आई बोटांवर मोजत सांगू लागली. मधेच एका गिऱ्हाइकानं नुसत्या शेवळांची जुडी उचलली. बाईंनी ती त्याच्या हातातून परत घेतली, वर काकडांचा वाटा ठेवला, आणि मगच पैसे घेतले.